तुम्ही विचारलंत म्हणून: पीएलसी कोणता घेऊ?

"भाऊ, पीएलसी कोणत्या कंपनीचा घेऊ?" जिनिंगवाले विचारतात, डाळमिलवाले विचारतात, पॉलिटेक्निकची पोरं तर नमस्कार करायच्या आधी विचारतात. पीएलसी म्हणजे मशीनच्या मोटरी कधी, कोणत्या क्रमाने चालू-बंद करायच्या हे सांभाळणारा, प्रोग्राम भरता येणारा छोटा संगणक. हिंगणघाटकडे मशीनं चालवणारी विजेची पॅनल बांधतो म्हणजे याच्याकडे एका शब्दात उत्तर असणार, असा सगळ्यांचा समज. मी उलट प्रश्न केला की त्यांना वाटतं, हा टाळतोय. माझा प्रश्न असा असतो: जानेवारीत, मध्यरात्री, आवारात कापसाच्या गाड्या उभ्या असताना गाठी बांधणारा प्रेस बंद पडला, तर लॅपटॉप घेऊन कोण येणार? त्या माणसाला जो पीएलसी उघडता येतो तो घ्या.

पीएलसी जन्मला तोही याच गरजेतून. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला गाडीचं मॉडेल बदललं की रिलेंची (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांची) कपाटंच्या कपाटं उपसून नव्याने वायरिंग करायचा कंटाळा आला होता. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यावर मॉडिकॉन ०८४ बनवला. बेडफर्ड असोसिएट्स या त्यांच्या कंपनीचा तो ८४वा प्रकल्प, म्हणून ते नाव. त्याचा प्रोग्राम लिहायची पद्धत त्यांनी मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखी ठेवली, कारण तो कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता यायला हवा होता. आज आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. प्रोग्रामला पासवर्ड घालून ठेवतात आणि मालकाला वाटतं, काहीतरी भारी बसवलंय.

एका जिनिंगचा प्रेस असाच अडकला होता. बाहेरगावच्या ठेकेदाराने बसवलेला, प्रोग्राम कुलूपबंद, आणि ठेकेदाराचा फोन लागेना. बिघाड होता एका लिमिट स्विचचा, म्हणजे मशीनचा भाग ठरल्या जागी पोचला हे सांगणाऱ्या स्विचचा. पण प्रोग्राम कोणत्या इनपुटची वाट बघत थांबलाय हे दिसायला मार्ग नव्हता, म्हणून तारा एकेक करून तपासाव्या लागल्या. तेव्हापासून मी पैसे घेण्याआधीच सांगतो: प्रोग्रामची प्रत कॉमेंटसकट पेनड्राइव्हवर तुमच्या हातात, ड्रॉइंग पॅनलच्या दाराच्या आत, पासवर्ड असलाच तर तुमच्या वहीत. दुसऱ्या कोणाकडून पॅनल घेणार असाल तर हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. बिल चुकतं झाल्यावर मागितलं तर मिळेलच असं नाही.

आपल्या भागाची आणखी एक खोड आहे, ती पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याच्या लक्षात येत नाही. आपली मशीनं हंगामी. जिनिंग दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्यात थंडावतं, मग पुढचे कितीतरी महिने मेन स्विच बंद. मित्सुबिशीच्या एफएक्स-३यूसारख्या पीएलसीत प्रोग्राम रॅममध्ये असतो आणि वीज नसताना बॅटरीवर टिकतो. बॅटरी जुनी झालेली, वर पॅनल महिनोन्‌महिने बंद, आणि दसऱ्याच्या पूजेला हार घालून स्विच टाकावा तर पीएलसी कोरा! बॅटरीशिवाय प्रोग्राम जपणारी फ्लॅश कॅसेट लावून घेतली तर ही भीती जाते. सीमेन्सच्या एस-७-१२०० मध्ये प्रोग्राम वीज नसतानाही टिकणाऱ्या मेमरीतच असतो. ज्याचं मशीन वर्षभर चालतं त्याने या फरकाचा विचार नाही केला तरी चालेल, जिनिंगवाल्याने करावा.

आणि मुळात पीएलसी लागतोच का? तीन मोटरी, एक टायमर, एक लेव्हल स्विच एवढंच काम असेल तर कॉन्टॅक्टर (मोटर जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), रिले आणि टायमरचं पॅनल बांधा. गावातला वायरमन ते मल्टिमीटरने दुरुस्त करेल. रिले आणि टायमर दहाच्या आसपास गेले की मात्र छोटा पीएलसी स्वस्तही पडतो आणि वायरिंगचा गुंताही वाचतो. डाळमिलचंच घ्या. एलेव्हेटर, चाळणी, रोल, पॉलिशर अशी एकामागून एक माळ असते. सुरू करताना शेवटचं मशीन आधी आणि माल टाकणारं सर्वांत शेवटी, बंद करताना याच्या बरोबर उलट. मधला एक एलेव्हेटर ओव्हरलोडने बसला की त्याच्या मागचं सगळं त्याच क्षणी थांबलं पाहिजे, नाहीतर तूर बूटात, म्हणजे एलेव्हेटरच्या तळाशी, साचते आणि बकेट हाताने रिकाम्या करत बसावं लागतं. हा क्रम पंधरा-वीस मोटरींसाठी रिलेवर करता येतो, पण पुढच्या वर्षी मालकाने एक चाळणी वाढवली की सगळं उकलायचं. इथे पीएलसी आपली किंमत वसूल करतो.

घ्यायचं ठरलं की आधी कागद घेऊन मशीनभोवती फिरा. प्रत्येक बटण, प्रत्येक लिमिट स्विच, ओव्हरलोडचा प्रत्येक कॉन्टॅक्ट म्हणजे एक इनपुट. प्रत्येक कॉन्टॅक्टर, सोलेनॉइड, दिवा, भोंगा म्हणजे एक आउटपुट. बेरीज झाली की वर वीस टक्के मोकळे ठेवा. ऑफिसात बसून केलेली यादी दर वेळी कमीच भरते. आणि पीएलसीच्या आउटपुटवर कॉन्टॅक्टरची कॉइल थेट लावू देऊ नका, मध्ये रिले हवा. रिले जळला तर काही शे रुपयांत आणि पाच मिनिटांत बदलतो. पीएलसीचं आउटपुट जळलं तर मशीन उभं.

आता ज्याबद्दल कोणी विचारत नाही ते. मी बघितलेले निम्म्याहून जास्त बिघाड पीएलसीचे नसतातच, ते पॅनलच्या पेटीचे असतात. बहुतेक पीएलसींच्या कॅटलॉगात ५५ अंशांपर्यंतची मर्यादा असते. अकोल्याला मे महिन्यात बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त आणि बंद पेटीत आणखी दहा-पंधरा. मर्यादा तिथेच ओलांडली! त्यात त्याच पेटीत व्हीएफडी, म्हणजे मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवलेला असतो. व्हीएफडी आपल्या क्षमतेच्या साधारण तीन टक्के उष्णता म्हणून बाहेर टाकतो, म्हणजे १५ किलोवॉटच्या व्हीएफडीमागे सुमारे ४५० वॉट. पेटीत छोटी शेगडी ठेवल्यासारखंच ते. एसएमपीएसमधले (पॅनलला डीसी वीज देणाऱ्या युनिटमधले) कपॅसिटर दर दहा अंश वाढीला निम्म्या आयुष्यावर येतात. म्हणून व्हीएफडीला वेगळा कप्पा, पेटी गरजेपेक्षा एक माप मोठी, आणि पश्चिमेच्या भिंतीला पॅनल कधीच नाही.

पंखा लावला की झालं, असं डाळमिलमध्ये एकवेळ म्हणता येईल, फिल्टर दर आठवड्याला झटकणारा माणूस असेल तर. जिनिंगमध्ये नाही. रुईचे तंतू दोन दिवसांत फिल्टरवर गोधडी करतात, आणि फिल्टर काढून टाकला की ते आत कॉन्टॅक्टरवर जाऊन बसतात. कॉन्टॅक्टर सुटताना ठिणगी पडते. पुढचं सांगायला नको. तिथे पंखा नसलेली, निदान आयपी-५४ ची (धूळ आणि शिंतोडे अडवणारी) बंद पेटी, आणि शक्य असेल तर पॅनलची खोलीच रेच्यांपासून (सरकी-रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांपासून) वेगळी. केबल आत येते तिथे ग्लँड घट्ट हवेत आणि रिकामी भोकं बुजवलेली. पाल ऊब शोधत आत शिरते आणि बसबारवर (वीज वाहणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर) दोन फेजच्या मधोमध सापडते.

लाईनचं तर सगळ्यांना माहीत आहे. विजेचा दाब (व्होल्टेज) पडला की २३० व्होल्ट कॉइलचे कॉन्टॅक्टर तडतडतात. मी कंट्रोल २४ व्होल्ट डीसीवर घेतो, कारण ८५ ते २६४ व्होल्टवर चालणारा एसएमपीएस सहज मिळतो आणि तो हे चढउतार गिळतो. मोटरींसाठी सिंगल फेजिंग (तीनपैकी एक फेज जाणं) आणि उलट्या फेजपासून बचाव करणारा रिले, मृगाच्या विजांसाठी सर्ज अरेस्टर. अर्थिंगकडेही बघा. आपली काळी माती पावसाळ्यात अर्थिंगला उत्तम, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि रोध वाढतो. खड्ड्यात पाणी टाकत राहायचं, यावर दुसरा इलाज मला माहीत नाही.

दोन गोष्टींवर मी घासाघीस करत नाही. इमर्जन्सी स्टॉपची तार प्रोग्राममधून नव्हे, थेट कॉन्टॅक्टरचा पुरवठा तोडणारी हवी, आणि नेहमी बंद असणाऱ्या कॉन्टॅक्टची, म्हणजे उंदराने तार कुरतडली तरी मशीन थांबतं. दुसरी: लाईन गेली आणि परत आली तर कोणतंही मशीन आपोआप सुरू होता कामा नये. लाईन नाही म्हणून माणूस प्रेसमध्ये हात घालतो. "एवढ्याशा बटणाले एवढे पैसे काऊन?" असं कोणी विचारलं की मी पॅनल बांधायला नकार देतो.

तरी नाव हवंच असेल तर माझं मत घ्या. छोट्या डाळमिलला डेल्टा. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यामुळे शिकलेली पोरंही जास्त सापडतात. प्रेसला, आणि जिथे लोडसेलने वजन, प्रेशर असं मोजमाप आहे तिथे सीमेन्स किंवा मित्सुबिशी, पण सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या सॉफ्टवेअरला लायसन्स लागतं, म्हणून तुमच्या माणसाकडे ते आहे का, हे आधी विचारा. जुना एस-७-२०० सेकंडहँड स्वस्तात मिळतोय म्हणून कोणी गळ्यात घातला तर घेऊ नका, ती मालिका बंद झाली आहे. आणि एकाच आवारात दोन मशीनं असतील तर दोन्हींना एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा पीएलसी लावा, म्हणजे एकच जादा पीएलसी कपाटात ठेवून दोन्हींचं भागतं.