जाड पायांची अक्षरे

अक्षराच्या रेघेच्या टोकाला जी छोटी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात, आणि बहुतेक रोमन (इंग्रजीच्या) टंकांमध्ये, म्हणजे छपाईच्या अक्षरवळणांमध्ये, ती निमुळती, नाजूक असते. स्लॅब सेरिफ या जातीच्या टंकांत मात्र ती अक्षराच्या उभ्या दांड्याइतकीच, किंवा जवळपास तितकीच जाड होते. मराठीत स्लॅब म्हटले की घराचे छत डोळ्यांसमोर येते; ती कल्पना इथेही चालण्यासारखी आहे, फक्त हा स्लॅब अक्षराच्या डोक्यावर असतो तसाच पायाखालीही असतो.

हे वळण जन्माला आले तेच ओरडण्यासाठी. लंडनचा टाइप ओतणारा व्हिन्सेंट फिगिन्स याने १८१५च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात 'अँटीक' या नावाने ते दाखवले, तेव्हा भित्तिपत्रकांची आणि जाहिरातींची गर्दी वाढत होती आणि पुस्तकांसाठी घडवलेली अक्षरे लांबून वाचताना अपुरी पडत होती. पुढे या जातीला 'इजिप्शियन' म्हणू लागले. नेपोलियनच्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचे जे वेड पसरले होते त्याच्याशी या नावाचा संबंध जोडला जातो, पण अक्षरांच्या घडणीत इजिप्तचे काहीही नाही. १८२७मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने यंत्राने कोरलेले लाकडी टाइप, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, बनवायला सुरुवात केली. मोठ्या आकाराच्या धातूच्या टाइपांपेक्षा ते हलके आणि स्वस्त होते. शिवाय लाकडात केसासारख्या बारीक रेघा चटकन तुटतात, जाड पाय टिकतात.

पण सगळे जाड स्लॅब एकाच स्वभावाचे नसतात, आणि निवड करताना नेमके हेच विसरले जाते. रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीने (टाइप ओतण्याच्या कारखान्याने) १८४५मध्ये नोंदवलेल्या 'क्लॅरेंडन'मध्ये दांडा आणि सेरिफ यांचा सांधा गोलाईने भरलेला आहे, जाड-बारीक रेघांत थोडा फरक आहे आणि काही अक्षरांच्या टोकांना गोल थेंब आहेत. त्यामुळे ते वजनदार असूनही मोकळ्या मनाचे वाटते. याउलट १९३४च्या 'रॉकवेल'मध्ये सांधा काटकोनी, रेघ जवळपास एकसारखी आणि गोल अक्षरे कंपासने काढल्यासारखी आहेत. पहिला टंक गप्पिष्ट, तर दुसरा कामापुरते बोलणारा. १९३०मध्ये जर्मन टंकरचनाकार गेओर्ग ट्रम्पने केलेला 'सिटी' तर त्याहून कोरडा. अमेरिकन ग्राफिक डिझायनर पॉल रँडने १९५६मध्ये आयबीएम या संगणक कंपनीचे बोधचिन्ह त्याच्याच आधारे रचले, आणि तीन अक्षरांना तो कोरडेपणा शोभून दिसतो.

तीन अक्षरांना, हे महत्त्वाचे. एका पुस्तिकेच्या शीर्षकासाठी निवडलेला जाड स्लॅब मला इतका आवडला होता की मी आतला मजकूरही त्यातच बसवला, आणि छापलेले पान हातात आल्यावर ते वाचण्याआधीच डोळे थकले, कारण प्रत्येक वाक्य वरच्या पट्टीत बोलत होते. चूक केवळ जाडीची नव्हती. रेघ जाड होते तेव्हा अक्षराच्या पोटातली पांढरी जागा आक्रसते, आणि लहान आकारात शाई थोडी जरी पसरली तरी ती बुजते. मोठ्या आकारात हीच आक्रसलेली जागा टंकाला ठसका देते. म्हणून असा टंक निवडताना मी आता काळ्या रेघांपेक्षा त्यांच्यामधल्या पांढऱ्या आकारांकडे आधी पाहतो.

शीर्षक, फलक, पाकिटावरचे नाव, भिंतीवरचा मोठा आकडा ही त्याची खरी कामे. आकडे तर स्लॅबमध्ये विशेष भरीव दिसतात. दोन अक्षरांमधले अंतर मात्र जपावे लागते. मोठ्या आकारात ते कमी केले की ओळ एकजीव होते, पण शेजारच्या अक्षरांचे पाय एकमेकांवर पडले तर तिचा काळा पट्टा होतो. सोबतच्या मजकुराला साधा, मध्यम वजनाचा टंक द्यावा, आणि सावल्या किंवा नक्षी शक्यतो टाळावी. जे आधीच ठळक आहे त्याला आणखी सजवले की ते जत्रेतल्या फलकासारखे दिसते, अर्थात तेच हवे असेल तर गोष्ट वेगळी.

देवनागरीत हा परिणाम साधण्यासाठी काना आणि दांड्यांच्या तळाशी चौकोनी पाय बसवण्याचा मोह मलाही झाला आहे. शिरोरेखेमुळे वरचा स्लॅब आपल्याकडे आधीच आहे, पण खालचे पाय उकार आणि ऋकाराच्या वाटेत येतात, आणि 'कुतूहल' लिहिताच ती अडचण दिसू लागते. त्यामुळे रोमन स्लॅबच्या शेजारी मी पाय नसलेली, पण रेघेची जाडी आणि शिरोरेखेचे वजन त्याच्याशी जुळणारी देवनागरी ठेवतो.