बदकाला पंप गन कोणती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर भुसावळात बसून पंप गनवर लिहायचं मला काही कारण नव्हतं. थंडीत हतनूर धरणावर दुर्बीण लावून बसणारा हा माणूस पूर्वी अमेरिकेतल्या मिनेसोटात बदकं मारायचा, हे कळलं की कुणीतरी विचारतंच, ‘काका, बदकाला पंप गन कोणती घ्यावी?’ पंप गन म्हणजे नळीखालची मूठ मागेपुढे ओढून पुढचं काडतूस भरायची छर्ऱ्याची बंदूक.

इथल्यासाठी विचारत असाल तर कोणतीच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानबदक मारणं गुन्हा आहे, आणि आजोबांची परवान्याची दोननळी घरात आहे म्हणून तो माफ होत नाही. तलवार बदक, थापट्या, गडवाल ही बदकं हतनूरलाही येतात आणि मिनेसोटातही दिसतात. तिकडे त्यांचा हंगाम ठरलेला, रोज किती मारायची ते ठरलेलं. शिवाय शिकाऱ्याला सरकारी ‘डक स्टँप’ विकत घ्यावा लागतो. १९३४ पासूनची ही पद्धत. त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात.

पण विचारणारी बरीच पोरं तिकडेच नोकरीला असतात, तेव्हा त्यांच्यासाठी.

पंप घ्या, कारण स्वस्त पडते आणि चिखलात, गोठवणाऱ्या पहाटे सहसा अडत नाही. जास्त काडतुसं मावतात म्हणून घेऊ नका. स्थलांतरित पक्ष्यांसाठी बंदुकीत तीनच काडतुसं बसली पाहिजेत असा नियम आहे, म्हणून मॅगझिनच्या नळीत अडसर घालावाच लागतो.

कंपनीवरून लोक हातघाईवर येतात. रेमिंग्टन ८७० ही १९५० पासूनची, सरळ आणि दणकट. मॉसबर्ग ५०० ची सेफ्टी वर, अंगठ्याखाली येते, डावखुऱ्यालाही सोयीची. ब्राउनिंग बीपीएस रिकामं काडतूस खाली टाकते, त्यामुळे माझा डावखुरा मित्र तिच्याशिवाय दुसरी हातात धरत नसे. या तिन्हींत बदक कशानंही पडतं. मी मात्र दस्त्याकडे आधी बघतो. दुकानात टीशर्टवर खांद्याला बरोबर बसलेली बंदूक जाड जाकिटावर लांब होते, वर उचलताना काखेत अडकते, आणि तेवढ्यात बदक निघून जातं. म्हणून दुकानात जाताना थंडीचं जाकीट घालूनच जा. लोक हसतील, हसू द्या.

बारा बोर, तीन इंची काडतूस, अठ्ठावीस इंची नळी एवढं पुष्कळ. साडेतीन इंची काडतुसाचा मोह आवरा. हलक्या पंपमधून त्याचा धक्का इतका बसतो की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो.

छर्ऱ्यांचं नीट समजून घ्या. पाण्यात पडलेले शिशाचे छर्रे दाणे टिपताना पोटात जाऊन बदकं विषबाधेनं मरायची, ती खाऊन गरुडही. म्हणून १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिसं बंद आहे. त्याजागी बहुधा पोलादाचे छर्रे वापरतात. पोलाद शिशापेक्षा हलकं, वेग लवकर सोडतं. त्यामुळे छर्रा दोन मापं मोठा घ्यायचा, बहुतेक २ किंवा ४ नंबर (नंबर लहान तितका छर्रा मोठा). चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला आवळा; फुल चोक घट्ट, मॉडिफाइड त्याहून सैल. पोलाद दाबलं जात नाही, म्हणून फुल चोकऐवजी मॉडिफाइड. जुनी, नळीतच फुल चोक असलेली बंदूक कुणी स्वस्तात देत असेल तर पोलादासाठी घेऊ नका.

बंदूक घेतल्यावर ४० यार्डांवर मोठा कागद लावून मारून बघा. तीस इंची वर्तुळात छर्रे कसे पसरतात ते दिसतं. कुठे बदक सहज निसटेल एवढी मोकळी जागा राहिली तर चोक किंवा काडतूस बदला, बंदूक नाही. आणि त्याहून लांबचं बदक सोडून द्या. जखमी होऊन लव्हाळ्यात शिरलेलं सापडत नाही.

शेवटचं, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असणाऱ्यांसाठी. अशा व्हिसावर बंदूक घेण्याआधी एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असावा लागतो. मिनेसोटात १९७९ नंतर जन्मलेल्यांना त्यासाठी आधी बंदूक-सुरक्षेचा वर्ग करावा लागतो. तेव्हा आधी वर्गात नाव घाला, दुकान नंतर.