सेटी (सोफ्यासारखे लांब आसन) नेमकी कोणी घडवली?

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आज सर लॉरेन्स डंडास यांच्यासाठी १७६५ मध्ये घडवलेली सोनेरी मुलाम्याची खुर्ची निवांत न्याहाळली. तिच्या संचात चार मोठे सोफेही होते. आराखडा वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडम यांचा, घडण लंडनचे फर्निचर-कारागीर थॉमस चिपेंडेल यांची. हे ठामपणे सांगता येते ते मुख्यतः बिल टिकून राहिल्यामुळे, कारण पॅरिसच्या कारागिरांना तेव्हा आपल्या नावाचा शिक्का उमटवणे बंधनकारक असले, तरी लंडनचे कारागीर सहसा खूण ठेवत नसत. बिल नसलेल्या रंगीत, सोनेरी सेटीबाबत मात्र लाकडाचे सांधे, आतली चौकट, रंगाचे मूळ थर आणि घराण्याचे हिशेब एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. नुसत्या कोरीवकामाच्या साम्यावरून (विक्रेत्यांना तेच भावते!) नाव चिकटवणे मला घाईचे वाटते, चिपेंडेल यांचे नमुना-पुस्तक १७५४ पासून इतर कारागिरांच्याही हाती होतेच.