बिनकव्हरच्या कादंबऱ्या आणि इचलकरंजीच्या काकू

रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांच्या एका झुंजारकथेसाठी फोनवर अडीच हजार रुपये मागितले गेले, तेव्हा माझं डोकं फिरलं. गिरणी कामगारानं, कारकुनानं, शाळकरी पोरानं दिवसाच्या भाड्यानं नेऊन एका बैठकीत संपवावं म्हणूनच ते पुस्तक लिहिलं आणि छापलं गेलं होतं. त्यावर 'दुर्मिळ' अशी चिठ्ठी लावून ते प्लास्टिकच्या पिशवीत बंद करायचं, हे मला सहन होत नाही. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या काही निवडक पुन्हा छापून आल्या, बाकीच्या लोकांनी वाचून वाचून संपवल्या. मला त्या वाचायच्या आहेत. धनंजय आणि छोटू, काळापहाड, झुंजार ही अर्नाळकरांच्या कथांतली माणसं आमच्या घरात आजोबांच्या तोंडून इतकी ऐकली आहेत की ती पुस्तकांतून भेटलीच पाहिजेत, असं मला वाटतं.

फोनवरचा विक्रेता म्हणाला, "मॅडम, मुळगावकरांचं कव्हर आहे, ओरिजिनल." तिथे मला सगळा हिशेब कळला. चित्रकार रघुवीर मुळगावकरांची चित्रं मोलाची आहेत, त्यांच्यासाठी कुणी पैसे मोजत असेल तर मोजू दे. पण मग कव्हर नसलेली प्रत स्वस्त असायला हवी. आणि कव्हर नसलेल्या प्रती कुठे असतात? जुन्या खाजगी लायब्रऱ्यांत. तिथे पुस्तक आलं की पहिल्या दोन-चार महिन्यांत कव्हर जातं, मग पुठ्ठ्याची बांधणी होते आणि तेच पुस्तक पुढे वीस वर्षं फिरतं.

म्हणून मी मोठी शहरं सोडून दक्षिणेकडे निघाले. तशी आधी मुंबई-पुणे पालथी घातली होती. हुतात्मा चौकाच्या फुटपाथवर इंग्रजी थ्रिलरांचे ढीग, माटुंग्याला किंग्ज सर्कलला अभ्यासाची पुस्तकं, पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी गुरुनाथ नाईकांच्या दोन कॅप्टन दीपकथा, म्हणजे त्याही रहस्यकथाच, त्याही वाळवी लागलेल्या. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं कोल्हापूर. तिथले दिवस मी फार सांगत नाही. अंबाबाईच्या रांगेत सुट्टीची गर्दी, लॉजवर रात्रभर दारं आपटणारे पाहुणे, आणि जेवण मात्र असं की सगळी चिडचिड विरून जावी. रद्दीवाल्यांकडे गेले की एकच उत्तर मिळायचं, "महापुरात गेलं बघा." कोल्हापूर-सांगलीकडे २०१९ च्या पुरानं काय काय नेलं याच्या बातम्या आपण घरांच्या आणि जनावरांच्या वाचल्या. पुस्तकं किती गेली, हे तिथल्या माणसांशी बोलल्याशिवाय समजत नाही. सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरलं, पुढे २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात शिरलं. संस्थांसाठी निदान लोक हळहळले, मदतीला धावले. माळ्याखालच्या खोक्यात ठेवलेल्या, हलक्या कागदावरच्या, मधोमध पिन मारलेल्या कादंबऱ्यांचा पाण्यात लगदा झाला आणि चिखलाबरोबर त्या फावड्यानं बाहेर गेल्या. त्यांची मोजदाद कुणी ठेवली नाही.

अशाच एका रद्दीवाल्यानं, चौथ्यांदा विचारल्यावर, सांगितलं की इचलकरंजीत एक लायब्ररी बंद होतेय, मालक म्हातारा आहे, किलोवर द्यायला तयार नाही म्हणून मी उचलली नाही, तुम्ही बघा जाऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून बस भरून वाहते आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. उभी राहून गेले, पण बाजाराला निघालेल्या बायकांच्या गप्पांत वाट कधी संपली ते कळलं नाही.

इचलकरंजीत उतरलं की यंत्रमागांचा आवाज सुरू होतो. गल्लीत शिरा, तो सोबत येतो. लायब्ररी म्हणजे घराच्या पुढच्या बाजूची एक खोली, रस्त्याकडे फळ्यांचं दार, आत छतापर्यंत मांडणी. मांडणीवर एकही रंगीत कणा नाही. सगळी पुस्तकं करड्या पुठ्ठ्यात, पाठीला कापडाची पट्टी, पट्टीवर शाईनं नंबर. मी दारातच थांबले. हेच तर मी शोधत होते.

काका बाजेवर होते, त्यांना ऐकू कमी येतं. बोलल्या त्या काकू. "काय पायजे?" म्हणाल्या. अर्नाळकर म्हटल्यावर उठल्या, शिडी न घेता स्टुलावर चढल्या आणि गठ्ठा खाली दिला. "बघा की. बसून बघा. घाई न्हाई."

मी बसले. पहिलंच पुस्तक शेवटून उघडलं, कारण जुन्या रहस्यकथा घेताना शेवट आधी तपासायचा असतो. शेवटचं पान गेलं की खुनी गेला. छापील पानं संपली आणि पुढे फुलस्कॅपची दोन पानं निघाली, पुस्तकाच्या मापानं कापलेली, बांधणीत शिवलेली. निळ्या शाईत, शाळेतल्या शुद्धलेखनाच्या अक्षरात, कादंबरीचा शेवट हातानं लिहिलेला. संवादांची अवतरणचिन्हंसुद्धा जागच्या जागी. खाली 'समाप्त' आणि त्याखाली रेघ.

दुसरं उघडलं. त्यात मधलीच चार पानं तशी. गठ्ठ्यातल्या जवळजवळ निम्म्या पुस्तकांत कुठे ना कुठे तेच निळं अक्षर होतं. मी विचारलं, कुणी लिहिलंय हे?

"मीच की," काकू म्हणाल्या. "ह्ये दुपारी कारखान्यात असायचे. लायब्ररी मी बघायची. शेवटचं पान नसलं की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात, चार आणे परत द्या म्हणायचं. आणि त्याचं तरी काय चुकलं? खुनी कोण ते न कळता माणूस रातपाळीला कसा जाणार?"

मग त्या सांगत गेल्या. पान फाटलेलं दिसलं की त्याच पुस्तकाची दुसरी प्रत शोधायची. कधी दुसऱ्या गल्लीतल्या लायब्ररीत, कधी मिरजेला माहेरी गेलं की तिथल्या ओळखीच्या लायब्ररीत. रात्रीपुरती प्रत मागून आणायची, पोरं झोपल्यावर कंदिलाशेजारी किंवा दिव्याखाली बसून उतरवायची, सकाळी परत द्यायची. बांधणीची खळ सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यातून यायची, डब्यातून, फुकट. कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालायचा. पुठ्ठे कापडाच्या ताग्यांच्या खोक्यांचे. दोरा तर गावात भरपूर. पुस्तकांनी भरलेली ती खोली सबंध त्या गावाच्या धंद्यातून उभी राहिली होती.

"आणि दुसरी प्रत सापडलीच नाही तर?"

काकू जरा थांबल्या. मग गठ्ठ्यातून एक बारीकसं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. त्याला ना कव्हर, ना नावाचं पान. लेखक कोण ते काकूंनाही आठवत नव्हतं. "ह्याचं कुठंच मिळालं न्हाई. मिरजेत न्हाई, जयसिंगपुरात न्हाई. मग मी माझं लिवलं."

शेवटची तीन पानं काकूंची होती. मी तिथेच सबंध कादंबरी वाचली. दोन तास लागले, मध्ये चहा आला, मग भडंग आलं. काकूंनी खुनी म्हणून ज्याला पकडलं होतं त्याच्यावर माझा संशय गेला नव्हता, पण मागची पानं चाळल्यावर त्याचे धागेदोरे सापडत गेले. आत्याच्या खोलीची किल्ली, ओला कोट, सगळं त्यांनी हिशेबात घेतलं होतं. इतक्या वर्षांत त्या पुस्तकाबद्दल एकाही गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही, असं त्या म्हणाल्या. मला हे पटतं. ज्या बाईनं शेकडो रहस्यकथा वाचल्या आणि कित्येक शेवट हातानं उतरवले, तिला शेवट कसा करायचा हे ठाऊक असणारच. मराठी रहस्यकथेच्या इतिहासात लेखकांची नावं आली, चित्रकारांची आली, प्रकाशकांची आली. या काकूंसारख्या माणसांचं नाव कुठेही नाही, आणि त्यांच्याशिवाय ही पुस्तकं चाळीस वर्षं टिकलीच नसती.

किमतीचं विचारलं तर काकांनी बाजेवरून तीन बोटं दाखवली. तीस रुपये, कुठलंही घ्या. पुण्यातल्या एका विक्रेत्यानं आधी येऊन गठ्ठे पाहिले होते आणि 'डिफेक्टिव्ह' म्हणून परत गेला होता, कारण कव्हरं नाहीत आणि हातानं लिहिलेली पानं आहेत. त्याचं नुकसान. मी उचलता येतील तेवढी घेतली. बारीक पुस्तक मात्र काकूंनी दिलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा मागितलंही नाही.

वाचायला पुस्तक हवं असेल त्यानं हेच करावं: दुकानात गेल्यावर 'बिनकव्हरचं, लायब्ररीचं' असं स्पष्ट मागावं. विक्रेते अशा प्रती मागे टाकून देतात. मात्र जाऊन आणा. लांबून कुरिअरनं मागवणं परवडत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केलं, आणि तीस रुपयांच्या पुस्तकाला त्याच्या दुपटीहून जास्त कुरिअर खर्च येतो. ज्या सेवेमुळे गावोगावी पुस्तक स्वस्तात पोचायचं ती बंद झाली, याचं मला मनापासून दुःख आहे.

कुणी म्हणेल, सगळं स्कॅन करून टाका. कायद्यानं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथा २०५७ उजाडल्यावर मोकळ्या होतील. पिवळा पडलेला, बोट लावलं की तुकडा पडणारा हा कागद तोवर थांबणार नाही. हक्क असलेल्यांनी छापाव्यात, साध्या कागदावर, कमी किमतीत. मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन. तोपर्यंत सार्वजनिक वाचनालयांना माझी एक विनंती आहे. निर्लेखन करताना, म्हणजे जुनी पुस्तकं यादीतून काढताना, या पुस्तकांना 'जीर्ण' म्हणून थेट रद्दीत घालू नका. दारात टेबल टाका, दहा रुपयांना ठेवा, वाचणारा येईल.

बेळगावला अशा लायब्रऱ्यांच्या दोन खोल्या अजून शिल्लक आहेत, असं काकूंनी निघताना सांगितलं. दिवाळीच्या आधी घरं आवरतात तेव्हा सगळ्यात जास्त पुस्तकं बाहेर पडतात आणि सगळ्यात जास्त वजनकाट्यावरही जातात. म्हणून दसरा झाला की लगेच निघणार आहे. तुमच्याकडे झुंजारकथांची शेवटची पानं असलेल्या प्रती असतील तर मला जरूर कळवा. मी आणलेल्यांपैकी तीन कथांचे शेवट नाहीत, आणि काकू म्हणाल्यात की प्रत मिळाली तर त्या अजून उतरवून देतील.