आमची वाटचाल : आठवड्याचं पीठ आठवड्यालाच

2014 साली साताऱ्यात घराच्या पडवीत चक्की बसवली आणि भाकरीची पिठं दळून विकायला लागलो. बाजरी आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, माण-खटावचा, नाचणी जावळीच्या डोंगरातली.

पहिल्याच हिवाळ्यात मी बाजरीचं दीडशे किलो पीठ एकदम दळून ठेवलं. पाकिटावर मुदत छापली तीन महिन्यांची. तिसऱ्या आठवड्यात पाकिटं परत यायला लागली. "वहिनी, भाकरी कडू लागतेय." सासूबाईंनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "अगं, बाजरी आठवड्यापुरतीच दळायची. आम्ही कधी महिन्याची दळली नाही." उरलेलं सगळं म्हशींच्या आंबोणात गेलं. त्या वर्षीचा नफाही त्यातच गेला.

मग कारण शोधलं. शंभर ग्रॅम बाजरीत पाचएक ग्रॅम तेल असतं, पांढऱ्या तांदळात एक ग्रॅमसुद्धा नसतं. दाणा अख्खा आहे तोवर ते तेल सांभाळलेलं असतं. दळलं की हवा लागते, दाण्यातलीच विकरं (एन्झाइम) तेल फोडायला लागतात आणि पीठ खवट होतं. चक्की तापली तर आणखी लवकर. अंकुराचा भाग काढून टाकला तर पीठ जास्त टिकतं, पण बाजरीचा कस बराचसा त्यातच असतो. तो काढायचा नाही हे तेव्हाच ठरलं.

आता मागणी आधी घेतो, गुरुवारी दळतो, शुक्रवारी पोचवतो. पीठ दहा दिवसांत संपवा, असं प्रत्येकाला सांगतो.

बाजरी आम्ही दिवाळी ते होळी एवढीच देतो. यावर गिऱ्हाइकं रुसली, काही कायमची तुटली. पण खरिपाची बाजरी थंडीच्या तोंडावरच घरात येते आणि नवा शाळू उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणून वैशाखात बाजरी मागणाऱ्याला मी शाळू देते आणि सोबत आंबिलीसाठी नाचणीचं पीठ.

2023 हे भरडधान्य वर्ष जाहीर झालं आणि फोन वाढले. एका दुकानाला सहा महिने टिकणारं पीठ हवं होतं. एकाने तर सुचवलं, "मधुमेह बरा होतो असं पाकिटावर छापा." दोघांनाही नाही म्हटलं. भाकरीतही पिष्ट असतंच. तंतू जास्त असल्याने पोट लवकर भरतं, एवढं खरं, पण मधुमेह असेल तर भाकऱ्या मोजूनच खायच्या आणि गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायच्या नाहीत. नाचणीच्या पाकिटावर मात्र शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, असं छापलंय, कारण ते खरं आहे.

वर्षातून एकदाच गुरुवारचा नेम मोडतो, भोगीला. आदल्या पहाटे चारला चक्की सुरू होते. तीळ लावलेली भाकरी, लोणी, आणि वांगी, पावटा, गाजर, ओला हरभरा घातलेली लेकुरवाळी भाजी. त्या एका दिवसासाठी यंदा चारशे घरांनी पीठ नेलं.