संमेलनातून मनात राहिलेलं

यंदाचं ख्रिस्ती संमेलन इंदूरलाच होतं, म्हणून जेवणाची जबाबदारी आमच्या महिला मंडळाकडे. त्यामुळे व्याख्यानं निम्मीअर्धीच ऐकता आली.

विषय होता बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय. प्रभू येशू भोजनावरून उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. वक्ते म्हणाले, त्यात प्रभूला धरून देणारा यहूदाही होता. त्याचेही पाय धुतले गेले. पुढारीपणाची याहून कठीण कसोटी मला तरी माहीत नाही.

मग नन सिस्टर राणी मारियांचा विषय निघाला. त्यांचं काम तर आपल्याच भागातलं. देवास जिल्ह्यात उदयनगरला गरीब आदिवासी शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून सोडवायला त्या झटल्या आणि 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरकडे येताना त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीनं तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. असली क्षमा विश्वासाशिवाय जमतच नाही. त्या कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. पण डोळे सगळ्यांचेच भरले.

दुपारी तेच वक्ते, सत्तरी ओलांडलेले पाळक (पास्टर), जग घेऊन पंगतीत पाणी वाढत होते.

"काका, तुम्ही बसा ना आता."

"बसतो गं. आधी मांडववाले जेवू देत."

मांडववाले जेवले, भांडी घासणाऱ्या मावशी जेवल्या, तेव्हा कुठे काकांनी गार झालेला वरणभात घेतला.

आमच्या चर्चच्या मंडळीच्या पुढच्या बैठकीत मी मागणी करणार आहे: ईस्टरच्या प्रीतिभोजनात कमिटीनं वाढायचं आणि शेवटच्या पंगतीला बसायचं.