बिग ब्लाइंडमधले शेवटचे पंधरा : चौथ्या महिन्याची वही

मार्चमध्ये पणजीहून पोकरची स्पर्धा खेळून परतलो तेव्हा वहीत एकच डाव तीनदा लिहिलेला होता. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीनं टाकायच्या रकमा, २,०००–४,००० (स्मॉल आणि बिग); टेबलाची अँटी, तीही सक्तीची, ४,०००. मी बिग ब्लाइंडच्या जागेवर, ती रक्कम आणि अँटी टाकून माझ्यापुढे ४४,००० च्या चिप्स उरलेल्या. सगळ्यांनी पानं टाकली, बटनवरच्या, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरच्या, गृहस्थांनी रेज करून ८,००० केले, स्मॉल ब्लाइंडही गेला. माझ्याकडे इस्पिकची नव्वी-छक्की. दोन सेकंदांत मी ती टाकून दिली. शॉर्ट स्टॅक आहे, म्हणजे चिप्स थोड्याच उरल्यात, चांगल्या पानांची वाट बघू, एवढाच विचार.

लेव्हल (ब्लाइंडची पायरी) वाढली, आणखी एक बिग ब्लाइंड तसाच सोडला आणि साडेपाच बिग ब्लाइंडएवढ्याच चिप्स उरल्यावर बेरंगी राजा-चौकी घेऊन ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे) गेलो. समोर एक्का-राजा निघाला. तिथे माझी शक्यता जेमतेम चौथा हिस्सा होती. त्याच एक्का-राजासमोर आधी टाकलेली नव्वी-छक्की चाळीस टक्क्यांच्या आसपास जिंकते, कारण तिची दोन्ही पानं मोकळी असतात, कुणाच्या सावलीत नसतात. सात तासांच्या प्रवासात मी हेच गिरवत बसलो होतो.

आधी त्या डावाची किंमत. पॉटमध्ये, मधल्या ढिगात, २,००० + ४,००० + ४,००० + ८,००० म्हणजे १८,००० होते आणि कॉल करायला, म्हणजे बरोबरी करायला, मला फक्त ४,००० घालायचे होते. ४ भागिले २२, म्हणजे १८ टक्के: तेवढ्या वेळा जिंकलो तरी कॉल परवडतो. अँटी नसती तर हाच कॉल २२ टक्के मागतो. समोरच्यानं अडीच पट केलं तर अँटीसकट २३, तिप्पट केलं तर जवळजवळ २७. हे चार आकडे मी आता झोपेतही सांगेन. आपल्यातले बरेच जण जुन्या अँटीच्या काळातले तक्ते अजून वापरतात, त्यांनी एवढं तपासून बघाच. बिग ब्लाइंडनंच सगळ्या टेबलाची अँटी भरायची पद्धत आली, तेव्हापासून एका फेरीचा खर्च अडीच ब्लाइंड झाला आहे. दहा ब्लाइंड म्हणजे चार फेऱ्या. त्या अडीचपैकी दोन ज्या जागेवर जातात तीच जागा मी सोडून देत होतो.

सराव कसा केला ते सांगतो, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घातल्यापासून माझ्यासारख्यांची घडीच बदलली आहे. पूर्वी आठवड्याभरात बिग ब्लाइंडचे शेकडो डाव हाताखालून जायचे. आता वर्षातून तीन-चार वेळा कोल्हापूरहून आंबोली घाट उतरून मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर जायचं, एवढंच. म्हणून शनिवारी चुलतभाऊ येतो. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा आणि या खेळातही माझ्या पुढे. जेवणाच्या टेबलावर पानं पिसायची, वाटायची, पैसे नाहीत, चिप्स फक्त मोजायला. तो बटन, मी बिग ब्लाइंड. स्टॅक चिठ्ठी उचलून ठरतो: ५, १०, १५ नाहीतर २०.

पहिल्याच शनिवारी दादानं मला थांबवलं.

“पानं कशाला बघितलीस?”

“माझा नंबर आला ना.”

“आधी किंमत बोल. मग कुणी रेज केलंय ते बोल. मग तुझ्याकडे किती उरलेत ते. पानं सगळ्यात शेवटी उचल.”

तेव्हापासून हा नियम पाळतोय आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडला. बिग ब्लाइंडला फ्लॉपआधी, म्हणजे टेबलावर सगळ्यांची पहिली तीन पानं उघडण्याआधी, सगळ्यात शेवटी बोलायचं असतं, त्यामुळे नंबर येईपर्यंत पानं बघायची गरजच नसते. पानं आधी दिसली की मन ठरवून टाकतं, “सत्ती-पंजी, जाऊ दे”, आणि नंतरचा हिशेब त्या निर्णयाला टेकू देण्यापुरता उरतो. आधी “१८ टक्के, बटन, १५ ब्लाइंड” असं म्हणून मग सत्ती-पंजी बघितली की ती वेगळी दिसते.

तरीही १८ टक्के लागतात म्हणून काहीही खेळायचं, असं नाही. बेरंगी सत्ती-दुर्रीसुद्धा कुठल्याही दोन पानांसमोर ३५ टक्के वेळा जिंकते, पण ते टेबलावरची पाचही पानं फुकट बघायला मिळाली तर. प्रत्यक्षात फ्लॉप येतो, समोरचा बेट लावतो आणि आपण निघून जातो. कागदावरचे टक्के हातात पडत नाहीत. एकरंगी पानांचे जास्त पडतात, लागून आलेल्यांचे त्याखालोखाल, आणि बेरंगी दूरदूरच्या पानांचे सगळ्यात कमी. म्हणून बटनच्या दुप्पट रेजसमोर मी आता एकरंगी जवळजवळ सगळं खेळतो. बेरंगीत सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री असला माल सोडतो. पहिल्या जागेवरून रेज आला तर मात्र बेरंगी राजा-चौकी, राणी-पंजी बिनदिक्कत टाकतो. तिथून येणारी पानं वजनदार असतात आणि आपला राजा लागला तरी बहुधा दुसऱ्या नंबरचा ठरतो.

माझं खरं गळकं भांडं फ्लॉपवर होतं, हे दुसऱ्या महिन्यात कळलं. समोरचा पॉटच्या एक तृतीयांश बेट लावतो. ती बेट चारपैकी एकदा चालली तरी त्याचा खर्च निघतो. मी निम्म्याहून जास्त वेळा सोडत होतो, म्हणजे त्याला कुठल्याही दोन पानांवर फायदा होता. मला कॉल करायला फक्त २० टक्के लागत होते. जोडी नसलेली दोन पानं फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही साधारण तीनपैकी एकदाच पकडतात, म्हणजे “लागलं तरच खेळेन” हा विचार गणितातच बसत नाही. आता खालची जोडी, एक्का वर असलेली मोकळी पानं, मधलं एक पान हवं असलेला स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) आणि मागून, म्हणजे पुढची दोन्ही पानं लागून, फ्लशची (एका रंगाची पाच पानं) शक्यता, असं काही असेल तर एकदा तरी बघतो.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे १५ ब्लाइंडवरचा चेक-रेज ऑल-इन: आधी काही न लावता थांबायचं आणि समोरच्यानं लावलं की सगळं पुढे करायचं. ब्लाइंडमध्ये मांडतो. समोरचा २, मी कॉल. पॉट साडेपाच, माझ्याकडे १३. तो १.८ लावतो आणि माझ्याकडे फ्लशची चार पानं आहेत. मी १३ टाकतो. त्यानं सोडलं तर ७.३ माझे. कॉल केला तरी साडेएकतीसच्या पॉटमध्ये माझे ३५ टक्के, म्हणजे ११. सरासरी तोटा फक्त दोनचा. मांडून बघा: पाचपैकी एकदापेक्षा थोडं जास्त वेळा त्यानं सोडलं, की माझं बरोबरीत सुटतं. आणि बटनवरून निम्मा पत्ता उघडणारा माणूस एवढ्या मोठ्या रेजसमोर त्याहून कितीतरी जास्त वेळा सोडतो. त्याच्याकडे मोठा फ्लश ड्रॉ (एक पान कमी असलेला फ्लश) किंवा तिळी (तीन सारखी पानं) असेल तेव्हा ३५ उरत नाहीत हे खरं, पण तेवढी जागा हिशेबात आहे.

दहा ब्लाइंडवर प्रश्न बदलतो: कॉल की लगेच ऑल-इन? ९ आणखी टाकायचे, उचलायला साडेचार. कॉल झाल्यावर आपले ३५ टक्के धरले तर त्यानं चारपैकी एकदा सोडणं पुरतं. ३० धरले तर ३६ टक्के वेळा सोडावं लागतं. पाच टक्क्यांनी एवढा फरक पडतो हे मला आधी पटत नव्हतं, वहीत दोनदा केलं तेव्हा पटलं. छोट्या जोड्या, मधले बेरंगी एक्के, राजा-नव्वीसारखी पानं घेऊन मी आता थेट ऑल-इन जातो. एक्का हातात असला की समोरच्याकडे दोन एक्के असायचे सहा प्रकार तीनवर येतात आणि एक्का-राजाचे सोळा बारावर. एकरंगी छोटी पानं इथे कॉललाच ठेवतो. मित्रांमध्ये यावर वाद आहे, पण माझं मत ठाम होत चाललंय.

पाच ब्लाइंडचं वेगळं. समोरच्यानं २ केले आणि मी ५ टाकले, तर त्याला ३ घालून साडेअकराचा पॉट दिसतो. २६ टक्के पुरतात, म्हणजे तो जवळपास काहीही सोडणार नाही. दादानं इथे दुसरी वाट दाखवली. आधी फक्त कॉल करायचा, मग फ्लॉप कुठलाही येवो, उरलेले ३ आपण आधी टाकायचे. किंमत तीच २६ टक्के, पण आता त्यानं तीन पानं बघितलेली असतात. राणी-गुलामला काही लागलं नसेल आणि माझ्याकडे चौकीची जोडी असेल, तर त्याला वाचवणारी सहा पानं उरतात, म्हणजे २४ टक्के, मागच्या दाराची शक्यता धरून जरा जास्त. काठावरचा प्रश्न, आणि माणसं तिथे सोडतात. फ्लॉपआधी टाकले असते तर एकानेही सोडलं नसतं. मात्र रेज स्मॉल ब्लाइंडनं केला असेल तर हे जमत नाही, कारण तेव्हा फ्लॉपवर आधी तो बोलतो.

बबलजवळ, म्हणजे बक्षिसं सुरू व्हायला थोडेच जण बाद व्हायचे असताना, हे सगळं आवळून घ्यायचं. दहा ब्लाइंडवर स्मॉल ब्लाइंडनं ऑल-इन टाकला तर चिप्सच्या हिशेबानं मला ४३ टक्के लागतात. पण दोन जण बाद झाले की बक्षीस मिळणार असेल, तर मिळणाऱ्या चिप्सपेक्षा जाणाऱ्या चिप्स महाग असतात. तिथे मी बरंच जास्त मागतो. आणखी एक: दोन ब्लाइंडहून कमी उरलेले असतील तर आधी अँटी धरतात की ब्लाइंड, हे बसण्याआधी विचारून घ्या. सगळीकडे नियम सारखा नसतो.

जूनच्या फेरीत पाऊस एवढा होता की आंबोलीत बस तासभर थांबली. त्या दिवशी १,५००–३,००० वर, ब्लाइंड धरून ४५,००० असताना कटऑफनं (बटनच्या आधीच्या जागेनं) ६,००० केले. किंमत बोललो मनात, मग पानं उचलली: बदामची सत्ती-पंजी. कॉल. फ्लॉपवर बदामचा राजा, किलवरची नव्वी, बदामची दुर्री. त्यांनी ५,५०० लावले. मी ३९,००० पुढे केले. हात थरथरत होता, पण आकडे स्पष्ट होते. ते मिनिटभर माझ्याकडे बघत राहिले आणि पानं टाकली. पॉटमधले २२,००० माझ्याकडे आले. त्या आधाराने पुढे दोन लेव्हल काढल्या आणि बक्षिसाच्या पहिल्या पायरीवर बाद झालो.

मात्र वहीत त्याच दिवसाचे सात डाव असे आहेत, जिथे मी फ्लॉपवर खालच्या किंवा मधल्या जोडीनं कॉल केला आणि टर्नवर, म्हणजे चौथ्या पानावर, दुसरी बेट आली. चारदा सोडलं, तीनदा ठेवलं, आणि सातही वेळा कारण सांगता आलं नाही. टर्नवर कुठलं पान आलं यावर काहीतरी ठरायला हवं. मला तो धागा अजून पकडता आलेला नाही.

या शनिवारपासून डाव तिथूनच मांडणार आहोत. १२ ब्लाइंड उरलेले, मधली जोडी, आणि दादा टर्नचं पान उलटायच्या आधी मी मोठ्यानं सांगायचं, कुठली पानं आली तर टिकणार.